यातक्क

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गाळ्यात
आम्ही एक डबी बनवली.
काड्यापेटीहून जराशी मोठी.
मागावर ताण्याचा धागा तुटला
की पाऊण सेकंदात ओरडणारी.

भरमाणीनं मोबाइलवर घड्याळ लावून मोजलं.
म्हणाला, इचलकरंजीवाल्यांची दीड घेते गा,
आणि तीही अजून बाजारात यायची आहे.
दिवाळीच्या आत चारशे गेल्या पाहिजेत.
आधी पोचेल त्याचं गिऱ्हाईक,
नीट काय, मागनं करता येतंय की.

मी मान हलवली. खरं सांगतो,
त्या पाऊण सेकंदाची मलाही नशा होती.
रात्री दोनला, सोल्डरचा धूर डोळ्यांत घेऊन,
मी त्यातलाही थोडा वेळ खरवडून काढायचो
कढईच्या बुडाचा कुंदा खरवडावा तसा.

शनिवारी डबी घेऊन वडगावला गेलो.
गल्लीच्या तोंडाशीच माग तळपायांतून वर चढतात,
बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं.
दानव्वाच्या पत्र्याखाली चार माग,
दोन पुढं, दोन पाठीशी,
मधल्या फळीवर ती. बत्तीस वर्षं.
मी डबी बसवली, वायर जोडली
आणि कात्रीनं स्वतःच एक धागा कापला.

डबी ओरडली असणार.
दिवा लागला, म्हणजे ओरडलीच.
मला ऐकू आली नाही.
दानव्वाला तर घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा
कित्येक वर्षांत ऐकू आलेली नाही.
ती पलीकडच्या धोट्यात कांडी भरत होती,
पाठ आमच्याकडं.
साडीवर रेघ उतरत गेली,
बोटभर,
वीतभर.

मग ती वळली, माग थांबवला,
रेघेवरून अंगठा फिरवला, दोन बोटं मोडून दाखवली:
डागी. निम्मा भाव.
डबी उचलून उलटीसुलटी केली,
आणि कान गेलेली माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली,
‘इदु यातक्क?’

कानडी शब्द. आमच्या गावात त्याला भाषांतर लागत नाही.
‘कशासाठी’ म्हणावं तर म्हणता येतं,
पण हा जरा खाली लागतो, बेंबीपाशी.
पाऊण सेकंद, असं सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
तिनं ते विचारलंच नव्हतं.

निघताना तिनं आपल्या पायांकडं बोट केलं.
अनवाणी. फळीला त्यांचे खळगे पडलेले.
माग आजारी पडला, म्हणाली, की आधी ह्यांना कळतंय.

भरमाणी दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.
दिवाळी आली. दुसऱ्यांची डबी आली,
लाल चिकटपट्टी लावून: सर्वांत जलद.
आम्ही फळीखाली पालथे पडून मोटरी बसवत होतो.
पहिली दातखिळी बसल्यासारखी थडथडली.
दुसरी मागाच्या हादऱ्यात विरून गेली.
तिसरीला चाल शिकवली:
दोन आखूड, मग थांबणं, मग एक लांब.
पुढच्या मागांना चवडे, पाठच्यांना टाचा.

एवढं करून ती दोन सेकंद घेऊ लागली.
तेवढ्यात धोटा चार वेळा जातो.
चार धागे मी उसवते की, दानव्वा म्हणाली,
वीतभर कोण उसवणार?

पौषात परत धागा कापला.
ती पाठमोरी, हातात कांडी.
कुणालाच काही ऐकू आलं नाही.
फक्त तिची उजवी टाच किंचित उचलली गेली,
पोरानं मागून लुगडं ओढावं तशी,
आणि ती वळली.

भरमाणीनं सवयीनं घड्याळ लावलं होतं.
थांबवायला विसरला.
तिसऱ्या फाटकापर्यंत
ते त्याच्या खिशात तसंच पळत होतं.